दोन बोटांचा नमस्कार

नागपूर-उमरेड रस्त्यावर आमचे साडूभाऊ जितक्या माणसांना ओळखतात, तितक्यांना तिथला आमदारही ओळखत नसेल. फक्त त्यातल्या एकाचंही नाव साडूभाऊंना ठाऊक नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. उमरेडच्या खाणीच्या वर्कशॉपात फिटर, आणि बावीस वर्षं रोज नागपूरहून मोटारसायकलवर येणं-जाणं. समोरून येणारा प्रत्येक मोटारसायकलवाला त्यांचा भाऊबंद. मग तो दुधाचे कॅन लटकवलेला असो, की बायको, दोन पोरं आणि गव्हाचं पोतं घेऊन निघालेला. साडूभाऊंचा नमस्कार चुकायचा नाही.

पण त्या नमस्काराला कायदा होता. तळहात हँडलच्या मुठीवरच, उचलायची ती डाव्या हाताची दोन बोटं. वळण असलं, खड्डा असला, मागे ट्रक असला, तर बोटंही नाहीत, नुसती मान. रस्त्याकडेच्या मारुतीलाही तीच मान. "त्याले समजते गा, मागं ट्रक हाय म्हणून," असं वर मलाच ऐकवायचे. एकदा महागड्या गाडीवरच्या एका पोरानं समोरून अख्खा हात हलवला. साडूभाऊंनी गाडी वळवली, त्याला चहाच्या टपरीवर गाठलं, पदरचा चहा पाजला आणि म्हणाले, "बाबू, असा हात सोडून नमस्कार करशीन, तं लोकं तुले दोन्ही हात जोडतीन. फोटोले!" त्या दिवशी ड्यूटीला उशीर झाला, पण चेहऱ्यावर तीर्थयात्रा करून आल्याचं समाधान. ही सवय इतकी मुरलेली, की लग्नाच्या पंगतीतही त्यांची दोन बोटं आपोआप वर व्हायची. सासूबाई मुकाट्यानं दोन पोळ्या वाढायच्या.

या सगळ्या गोतावळ्यात एक पिवळं हेल्मेट होतं. ते उमरेडहून नागपूरला कामाला यायचं आणि रोज सकाळी पाचगावच्या आसपास साडूभाऊंना समोरून भेटायचं. अकरा वर्षांत दोघं एकदाही थांबले नाहीत, की बोलले नाहीत. फक्त एक रीत पडली होती. दुसऱ्या दिवशी सुट्टी असली, की आदल्या दिवशी दोन छोटे हॉर्न मारायचे. उगाच समोरच्याच्या जिवाला घोर नको.

एका सकाळी रानडुक्कर आडवं आलं. साडूभाऊ गाडीसकट रस्त्याकडेच्या गवतात, गाडी पायावर. रस्त्यावरून काही दिसायची सोय नाही. पिवळ्या हेल्मेटला पाचगाव मागे पडलं तरी साडूभाऊ भेटले नाहीत, आणि काल हॉर्न तर वाजला नव्हता. त्यानं गाडी हळू केली आणि दोन्ही कडा बघत बघत पुढे आलं. गवतात चाक दिसलं. तासभर उशीर झाला असता तर पाय गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

दवाखान्यात आमच्या ताईंचा पट्टा सुरू. "सांगून राहिली होती न मी! लोकांले रामराम करता करता पडले हे. आता गाडीची किल्ली भेटनच नाही!" साडूभाऊंचे डोळे भरून आले. मला म्हणाले, "पाय मोडला त्याचं काही नाही गा. पण मी मूठ सोडली म्हणते ही!"

दुसऱ्या दिवशी दारात एक टकलू गृहस्थ येऊन उभे राहिले. साडूभाऊ ओळखेनात. गृहस्थांनी दोन बोटं उचलली, आणि आमचे साडूभाऊ लहान पोरासारखे रडले. "ताई," ते गृहस्थ म्हणाले, "अकरा वर्षं पाहून राहिलो मी यांले. मूठ नाही सोडत हे. डुक्कर म्हणतात, तं डुक्करच." थर्मासमधला चहा ताईंनी आधी पाहुण्याला दिला.

पायात सळई बसली, गुडघा वाकेना. पुढे माझीच बदली उमरेडला झाली, तेव्हा साडूभाऊंनी गाडी पुसून किल्ली माझ्या हातावर ठेवली. पहिल्याच दिवशी पिवळ्या हेल्मेटनं गाडी ओळखून बोटं उचलली. मग माझ्याकडे नीट बघितलं, आणि मान लववली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी त्यांच्या घरावरून परततो, तेव्हा साडूभाऊ दारात खुर्ची टाकून बसलेले असतात.

"दिसला?"

"दिसला."

"मूठ?"

"नाही सोडली."

परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "साडूभाऊ, एकदा थांबून सांगू का त्यांना, की आता तुम्ही यायचे नाही म्हणून?"

गाडीकडे बघत ते हळूच म्हणाले, "नको सांगू गा. मी कुठं दोन हॉर्न मारले अजून?"