आधी गाँग गोल करा

"गाँग कधी लांबुडका आसतोय का, बू? तुमीच सांगा."

"न्हाय बाबा. त्यो गोलच."

"मग ह्यो बगा. आडव्या पडलेल्या अंड्यावानी दिसतुया. ह्यो गोल हुस्तवर मी दुसऱ्या कशालाबी हात लावणार न्हाय."

असं म्हणून पाक गियांतोनं खिशातून लाकडी पट्टी काढली आणि बू वार्सिनीच्या नव्या टीव्हीवर थांबवलेल्या चित्रातल्या गाँगला, त्या काशाच्या थोरल्या थाळीला, लावली. आमच्याकडं मोठ्या बाईला बू आणि बाप्याला पाक म्हणायची रीत. गाँग आडवा वीस बोटं भरला, उभा पंधरा. त्यानं मान हलवली आणि पुन्हा खाली बसला. चष्म्याची दोरी मानेत, हात मांडीवर. नुसता बघत बसला.

कोपऱ्यात बाहुल्या कोरणारा कार्सो आजा लवंगेची विडी ओढत फुगून बसला होता. फुगायचं कारणही तसंच होतं. बू वार्सिनीचा नवरा कातडी बाहुल्यांचा सूत्रधार होता. तो जाऊन आता हजारावा दिवस, म्हणजे आमच्याकडचा गेलेल्या माणसाचा शेवटचा मोठा विधी, यायला तेवीस दिवस उरले होते, आणि त्या दिवशी पोरानं बापाच्याच राजपुत्राच्या बाहुलीनं खेळ करायचा असं ठरलेलं. पेटी उघडली तर राजपुत्राची वाळवीनं माती केलेली. बाप त्या बाहुलीला हातात घेऊन पंधरा वर्षांमागं एका लग्नात खेळाला बसला होता, त्याची डीव्हीडी तेवढी शिल्लक. कार्सो आज्यानं टीव्हीवर प्लास्टिकचा कागद चिकटवला, आकार गिरवला आणि म्हशीच्या कातड्यातून कापून काढला.

राजपुत्र काढायला बसला आन् राक्षस निघाला. आमच्याकडं राजपुत्राची कंबर मुठीत मावावी लागते. जाड कंबर दिसली की पडद्यासमोरचं शेंबडं पोरगंही ओळखतं, हा कच्चं मांस खाणारा.

"लोकं म्हणत्यात, आज्याच्या डोळ्यात फूल पडलंय," आजा कुरकुरला. "आरं, टीव्हीत दिसलं तसं कापलं म्या! माजं काय चुकलं?"

"तुमचं कायबी चुकलं न्हाय," गियांतो म्हणाला. "टीव्ही खोटं बोलला."

आज्याकडं मुरवलेलं, तासून पातळ केलेलं कातडं आता एकच राहिलं होतं. नवं तयार करायचं तर महिने जातात. तेही बिघडलं, तर हजाराव्या दिवशी पोरगं रिकाम्या हातानं बसणार.

गियांतोचं दुकान लेगीच्या बाजारात. पंखे, रेडिओ, भाताचे कुकर. पण तीस वर्षं तो ह्याच सूत्रधाराच्या ताफ्यात गाँग वाजवायचा. बाकीचे वादक शंभर ठोके मारतात तेव्हा गाँगवाल्याचा एक. तो एक चुकला की सगळं मुसळ केरात. तसं तीस वर्षं बसल्यावर माणूस उगीच बटणं दाबत नाही.

त्यानं पहिल्यांदा टीव्हीच्या सेटिंगच्या यादीत जाऊन चित्राला त्याच्या मूळ आकारावर आणलं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले.

"आगं बया!" बू वार्सिनी उठलीच. "पोरानं एवढा थोरला टीव्ही आणला आन् तुमी दोनी बाजूंनी काजळ फासलं?"

"जुनं चित्र आखूड, तुमचा टीव्ही लांब. ताणून बसवलं की माणसं सुजत्यात, बू. काजळ ऱ्हाऊ द्या."

पट्टी लावली. पंधरा आडवा, पंधरा उभा. गाँग गोल झाला होता.

मग त्याला दिसलं, की बाहुलीच्या कडेनं एक पांढरा दोरा फिरलाय. आज्यानं तोही गिरवला होता. टीव्हीत चित्राच्या कडांना धार लावायचा आकडा असतो, तो शंभरावर होता.

"म्याच केला," बू म्हणाली. "जास्त धार म्हंजी चांगलं न्हवं?"

"विळीला चांगलं. चित्राला न्हवं."

आकडा तळाला गेला. मग त्यानं मागची पिवळी वायर उपटली. "ह्या एकीतनं समदे रंग येत्यात, बाजारच्या गाडीत कोंबड्या कोंबल्यावानी. एकमेकीच्या अंगावर हगत्यात नुसत्या." पिशवीतून त्यानं तिघींची जोडलेली वायर काढली, तांबडी, हिरवी, निळी. शेवटी डीव्हीडी चालवायच्या डब्याची स्वतःची यादी उघडली. "आत्तापत्तुर चित्राची एक वळ सोडून एक वळ येत हुती. आता सबंध यील." तबकडी मधून कडेकडं पुसली आणि चालू केली.

कॅमेरा पडद्याच्या सावलीकडं गेला तिथं त्यानं चित्र थांबवलं. राजपुत्राचा चेहरा. डोळ्यापासून कानापर्यंत आधी एक रेघ दिसायची. आता ती रेघ नव्हती. भोकं होती. मोहरीपेक्षा बारकी, एकामागं एक, आणि प्रत्येकातून मागच्या दिव्याचा उजेड येत होता. जणू चेहऱ्यावर कुणी उजेडाची बाजरी सांडली.

आज्याच्या विडीची राख लुंगीसारख्या नेसलेल्या सरोंगवर पडली, ती त्यानं झटकलीही नाही. मी ह्या गावात ते नक्षीकाम जन्मभर पाहत आलोय, तरी मीही बसल्या जागेवरून पुढं सरकलो.

आजा उठला, काचेजवळ नाक नेलं. "म्या हितं रेघ कापली आसती," तो हळूच म्हणाला. "सरळ रेघ. आन् बापाच्या बाहुलीचा चेहरा म्हणून पोराच्या हातात दिली आसती."

"कुटनं आणलं वो ह्ये?" बू वार्सिनीनं विचारलं. "मागल्या म्हयन्यात हितं न्हवतं."

"म्या कुटनं आणतोय? तबकडीतच हुतं, पंधरा वर्सं. जेवढं तिच्यात हाय तेवढंच दिसणार, त्याच्या वर एक टिपका न्हाय. मधी लुडबुड करत हुते, त्यांना म्या बाजूला सारलं."

आज्यानं नवा कागद लावला. चेहऱ्याची भोकं मोजत मोजत टिपली, मग सबंध उभी बाहुली जिथं दिसते तिथं चित्र थांबवून आकार घेतला. कागद कापलेल्या राक्षसावर ठेवला, तर कंबर दीड बोट आत गेली.

"ह्या जाड्याचं काय करायचं?" बू म्हणाली.

"त्याला सुळे काढतो. राजपुत्राला मार खायला कुणी नको व्हय?"

गियांतो वायरी गुंडाळत होता, तेवढ्यात बूनं तबकडी पुन्हा चालू केली आणि चित्र गाँगवर आलं. गोल गाँगामागं एक सडपातळ, दाट केसांचा माणूस दांडू उचलून थांबला होता.

"आगं, ह्ये तुमी की!" बू हसली. "मगाशी म्हटलं, ह्यो जाडा कोण बसलाय."

"मगाशी मीबी सुजलो हुतो," गियांतो म्हणाला. पण पडद्यावरचा दांडू गाँगवर पडेपर्यंत तो जागचा हलला नाही.

दुपारी त्याच्या दुकानात गेलो, तर तो कुणाच्या तरी भाताच्या कुकरचा तळ खोलत होता. पलीकडं आज्याच्या पडवीतून छिन्नीवर हातोडी पडत होती, टक, टक, एकेक भोक.

"वायर जळलीया," गियांतो कुकरात बघत म्हणाला. "जरा त्यो पेचकस द्या हिकडं."