कबनूरच्या दाजींची कॅसेट

आमचा गायक मुंबईला निघून गेला तेव्हा माझ्या दादाची अन्नावरची वासना उडाली, आणि मला मात्र एकच प्रश्न छळायला लागला. गायक बदलला तर बँड तोच राहतो का? मी हे भर जेवणात विचारलं. दादाने माझ्याकडे असं बघितलं, की आईने घाईघाईने आम्हा दोघांनाही भाजी वाढली. मी लहानपणापासून चौकस. घरात त्याला भोचकपणा म्हणत.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरात तेव्हा गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रा होते आणि त्यातला प्रत्येक जण सिनेमातल्या कुठल्या तरी गायकाच्या आवाजात गायचा. गायक आधी पडद्याआडून पहिली ओळ म्हणणार, लोकांना रेकॉर्डच लावलीय असं वाटणार, मग हा माइक घेऊन बाहेर येणार आणि टाळ्यांचा कडकडाट. आमचं तसं नव्हतं. दादा गिटार वाजवायचा, मी ऑर्गन आणि पलीकडच्या गल्लीतला दादाचा मित्र ड्रम. त्याच्या घरात लग्नाच्या बँडचा पिढीजात धंदा होता. गाणी आमची स्वतःची होती, आणि लांबलचक होती. हे खूळ दादाच्या डोक्यात एका विलायती बँडच्या रेकॉर्डने भरवलं होतं. त्या बँडचं एक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू खायचं. मधेच गाणं थांबायचं, वाद्यं कुठल्या कुठे भटकून यायची, ताल बदलायचा. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "संपलं का रे?"

त्या रेकॉर्डवरचा गायकही नवा होता, आधीचा सोडून गेला होता. दादाला ते आता एकदम आठवलं.

"त्यांचं काही अडलं का?" तो म्हणाला.

"ते आपल्याला काय माहीत? त्यांची आधीची रेकॉर्ड आपण कुठे ऐकलीय?" मी म्हटलं. त्यावर तो दोन तास माझ्याशी बोलला नाही.

गायक म्हणून जे जे आले ते दारातच विचारत, "कुणाच्या आवाजात म्हणू?" एकाने तर आमच्या निघून गेलेल्या गायकाच्या आवाजात गाऊन दाखवलं, आणि तो गायक मुळात दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात गायचा. दादाने कपाळाला हात लावला. तुझ्या स्वतःच्या आवाजात म्हण असं सांगितलं, की पोरं गोंधळून एकमेकांकडे बघायची.

शेवटी ड्रमवाला जरा चाचरत म्हणाला, "आमचे दाजी गात्यात. पर कुणी ऐकलं न्हाय त्यास्नी."

"कुणी ऐकलं नाही तर तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"बहीण सांगती की."

त्याची बहीण कबनूरला दिलेली. तिचा नवरा, म्हणजे हे दाजी, तिथे यंत्रमागावर कामाला होते. आम्ही तिघं एसटीने इचलकरंजीला गेलो आणि तिथून चालत कबनूरला. शेडच्या बाहेरच बोलणं बंद पडलं. आत तर मागांचा असा खडखडाट, की दादा माझ्या कानात काहीतरी ओरडला आणि मला नुसता त्याचा श्वास लागला. दाजी चार मागांच्या मधे फिरत होते, तुटलेला धागा जोडत होते, आणि त्यांचं तोंड सारखं उघडंमिटं होत होतं. मी अगदी जवळ जाऊन उभी राहिले. हळूहळू त्या गदारोळाच्या वरून काहीतरी जात असल्याचं कळायला लागलं. एकच सूर, लांबच लांब ओढलेला. तुटेलसं वाटायचं आणि तुटायचा नाही. आखूड शब्द तिथे टिकलेच नसते, त्यामुळे त्यांनी ते सगळे ताणून लांब केले होते. दादाकडे बघितलं तर तो वेड्यासारखा हसत होता.

शेडच्या मागेच त्यांची खोली होती. तिथे चहा झाला. दाजी घरातही ओरडूनच बोलत.

"आमच्या बँडात गाल का?" दादाने विचारलं. बायकोने तेच त्यांच्या कानाशी परत सांगितलं, तेव्हा कुठे ते त्यांच्यापर्यंत पोचलं.

"कसा हाय माझा आवाज?" त्यांनी उलट आम्हालाच विचारलं.

आजवर आलेल्या कुणीही हे विचारलं नव्हतं.

"तुम्हाला गाताना ऐकू येत नाही?" मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

"घशाला कळतं, ताई. कानाला न्हाय. पोरगा होतो तवापास्न शेडमधी हाय, आन गायला लागलो त्ये बी हितंच." मग ते अगदी सरळ म्हणाले, "कान चाललेत माझे. डॉक्टर म्हणला, शेड सोडा. शेड सोडून खाऊ काय? तुम्ही टेपात घेणार असला तर येतो. पर मला ऐकवायचं. कान हायत तंवर एकदा ऐकायचाय."

गायक मिळाला म्हणून दादा परतीच्या एसटीत शीळ घालत होता. मला त्याचा रागच आला. एवढ्याशा मागणीचं ओझं किती मोठं आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मागांच्या सुट्टीच्या दिवशी दाजी आमच्या माडीवरच्या खोलीत आले. खोलीचं आम्ही रेकॉर्डिंगसाठी पार भजं केलं होतं. खिडक्यांना गोणपाट, दाराला गादी आणि भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. या ट्रेंवरून आईने आकाशपाताळ एक केलं होतं. "अगं आई, अंडी नाहीत, नुसते ट्रे आहेत," असं दादा सांगत होता, आणि ती शेजाऱ्यांना हे कोण सांगणार म्हणून विचारत होती.

दाजी माइकसमोर उभे राहिले. आम्ही सुरुवात वाजवली. त्यांनी तोंड उघडलं आणि कसाबसा एक चिरका सूर बाहेर आला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. कपाळावर घाम आला होता त्यांच्या.

"लई गप हाय हितं," ते म्हणाले. "भ्या वाटतंय."

दादा वैतागला. ड्रमवाला मान खाली घालून बसला, दाजी त्याचेच ना. आणि मला, खरं सांगते, भारी कुतूहल वाटायला लागलं. आवाज गेला कुठे? शेडमध्ये तर मी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. मी खाली गेले, आईचा मिक्सर उचलून वर आणला आणि रिकामाच सुरू केला. आई जिन्यातून ओरडत मागोमाग आलीच, पण तेवढ्यात दाजींचे खांदे खाली आले. त्यांनी डोळे मिटले आणि कबनूरचा तो सूर आमच्या खोलीत शिरला. आई जिन्यातच थांबली. मिक्सर तापून वास यायला लागला तरी तिने तो बंद करायला सांगितलं नाही.

आता टेपात गाण्याबरोबर मिक्सर येऊन कसं चालेल? दादाचं डोकं इथे चाललं. ड्रमवाल्याने कबनूरला जाऊन मागांचा खडखडाट एका लहान टेपरेकॉर्डरवर भरून आणला. पुढच्या सुट्टीला दाजींच्या कानांवर हेडफोन चढवले, आणि त्यांना एकट्याला ती शेड ऐकवली. ते गायला लागले. पण आम्ही काय वाजवतोय हे त्यांना कळणार कसं? म्हणजे आम्हीच त्यांच्या मागून जायचं. ते श्वास घेतील तिथे थांबायचं, सूर ओढतील तेवढं ओढायचं. दादाने महिनोन् महिने बसवलेले त्याचे लाडके वाकडेतिकडे ताल एका दुपारीत मोडीत निघाले. गिटारवर त्याचा हात आधी रागाने पडत होता, मग जपून पडायला लागला. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा मिळालं. बँड तोच राहिला नव्हता. तिथे आम्ही तिघं दुसरंच काहीतरी वाजवत होतो, आणि मला ते आधीच्यापेक्षा आवडत होतं.

त्या कॅसेटच्या पुढे प्रती काढल्या. एका दुकानदाराने हातात घेऊन पहिलं काय विचारलं असेल तर, "कुणाचा आवाज?" दादा म्हणाला, "कबनूरचा." त्याने ती मागच्या फळीवर ठेवली. फार खपली नाही, हे वेगळं सांगायला नको.

पण रेकॉर्डिंग संपलं त्या संध्याकाळी हे काहीच आमच्या डोक्यात नव्हतं. गाताना कानांवर हेडफोन होते, त्यामुळे दाजींनी स्वतःला अजूनही ऐकलं नव्हतं. त्यांची बायको मुद्दाम कबनूरहून आली होती. आई खालून चहा घेऊन आली आणि गेलीच नाही, दाराशी टेकून बसली. दादाने टेप लावला, आवाज चढवला. दाजींनी हात वर केला, अजून. दादाने अजून चढवला. ऑर्गनचा माझा तुकडा गेला, मग सूर सुरू झाला. दाजी कपाळाला आठ्या घालून, मान तिरकी करून ऐकत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ऐकू जातंय का नाही, काही कळेना.

"ह्यो कोण?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच की!" बायको त्यांच्या कानाशी म्हणाली.

ते बाजू संपेपर्यंत हलले नाहीत. मग बायकोकडे वळून म्हणाले, "रोज असाच गातो व्हय मी?"

"रोज. मी तिकडं मागाला सुताच्या कांड्या भरत बसते, माझं ध्यान तेवढ्यावरच असतंय. एखाद्या दिवशी न्हाय गायलासा, तर मला दिवस जात न्हाय."

"मग इतक्या वर्षांत सांगितलं का न्हाईस?"

"सांगत हुते की," ती म्हणाली. "तुम्हास्नी ऐकू कुठं जातंय?"

आम्ही सगळे हसलो. ते स्वतःही हसले, तोंडावर हात धरून हसले. आणि मग हात खाली घेऊन, नेहमीसारखे न ओरडता, दादाला म्हणाले, "परत लावा."