तिळाएवढा केस

"दम रोखा, ताई," असं म्हणून मामा आधी स्वतः श्वास रोखायचे आणि मगच डबी उघडायचे. डबीत माणसाच्या केसाचा तिळाएवढा तुकडा असायचा. कुणी नुसता सुस्कारा टाकला तरी तो उडायचा, आणि उडाला की आमच्यासारख्यांनी त्याची आशाच सोडायची. मामा मात्र फरशीवर गुडघे टेकून तिरपं बघत आणि तुकडा चिमट्यात धरूनच उठत. मेंढरांच्या लोकरीतली कुसळं काढण्यात त्यांचं बालपण गेलं होतं. तुमची-माझी नजर तिथे काय पुरणार?

परभणीच्या आमच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस होते. एवढ्याशा केसातून प्रथिनं वेगळी काढायची आणि आजी, आई, मुलगी अशा तिघींत एखादी खूण कशी उतरत जाते ते पाहायचं, हे माझं पीएचडीचं काम. त्यातलं अवघड ते सगळं मामांकडे. काळ्या केसाखाली पांढरा कागद ठेवायचा आणि पिकल्या केसाखाली काळा, हेही त्यांनीच शिकवलं. "एवढ्या शिकल्या तुमी, आन् हे सुचंना?" असं वर ऐकवलंही.

नमुने मागायला गावात गेलो की बाया बिचकत. परक्याच्या हाती केस गेला तर करणी होईल, ही भीती. मानवतला एका ओसरीवर मामांनी सगळ्यांसमोर स्वतःचाच केस उपटून पाकिटात टाकला. "करणी झालीच तर आधी मला होईल. मी हाय तवर तुमाला कसलं भ्याव?" बाया हसल्या आणि एकेक जण पुढे आली.

सोनपेठच्या एका घरातली आजी मात्र आम्ही पोचण्याआधीच वारली होती. तिच्या कंगव्यात अडकलेला एक तुटका केस लेकीनं जपून ठेवला होता, बोटाच्या पेराएवढा. देताना ती म्हणाली, "आईचं एवढंच ऱ्हायलंय. वाया घालू नका." मी शब्द दिला. त्या केसाचे चार तुकडे केले.

पहिल्याचा अहवाल आला: मेंढीची प्रथिनं. दुसऱ्याचाही तोच. रसायनं बदलली, काचेची भांडी पुन्हा धुतली, तरी तिसऱ्यातही मेंढी. आजीचं काही वाचताच येईना. एकच तुकडा उरला होता आणि मी रडकुंडीला आले होते.

"काय निघालं, ताई?" मामांनी विचारलं. मी सांगितलं. ते हसले, आणि हसता हसता त्यांनी स्वतःच्या छातीकडे पाहिलं. मग सावकाश पांढऱ्या कोटाची बटणं काढली. आत काळ्या लोकरीची बंडी होती. लोकर त्यांच्या आईनं कातलेली. महिन्यापूर्वीच, त्या हिवाळ्यात, त्यांची आई गेली होती, तेव्हापासून बंडी अंगातच होती.

"मेंढी मीच आत आणायलोय," ते म्हणाले.

बंडी घरी ठेवून या, असं मी सुचवलं. त्यांनी मान हलवली. "न्हाई काढवत, ताई. त्यापरीस मी खोलीच सोडतो. तुकडा तुमी धरा."

मला फार वाईट वाटलं. नमुने हाताळायच्या त्या आतल्या खोलीत त्यांचा जीव होता, हे मला ठाऊक होतं. शेवटचा तुकडा मी चिमट्यात धरला. दाराच्या काचेपलीकडे उभं राहून मामांनी छाती फुगवून श्वास रोखला. मीही रोखला. तुकडा नळीत पडला.

या वेळी अहवाल स्वच्छ आला. आजीची खूण लेकीत होती, नातीतही होती. मी सोनपेठला फोन केला. "म्हंजे आई माझ्यात हाय?" लेकीनं विचारलं. मी हो म्हटलं.

मामांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "चला, म्हंजे मीच होतो." हसले, पण त्या दिवशी चहाला थांबले नाहीत. निवृत्त होईपर्यंत त्यांनी आतल्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मी कितीदा बोलावलं असेल.

प्रबंध पूर्ण होऊन त्याच प्रयोगशाळेत नोकरी लागल्यावर मी पेढे घेऊन बोरीजवळ त्यांच्या गावी गेले. मामा माळावर मेंढरांच्या मधोमध उभे होते. मला पाहून त्यांनी लांबूनच हात आडवा केला.

"तिथंच थांबा, ताई. उद्या आतल्या खोलीत जायचं आसंल तुमाला."

मी थांबले नाही. मेंढरांतून वाट काढत गेले, पाया पडले आणि दिवस कलेपर्यंत त्यांच्या घोंगडीवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी रजा टाकली.