एका खुणेला शंभर शब्द

आमच्या उदगीरच्या कॉलेजात इंग्रजी विभागात माणसं चार, पण किस्से चाळीस माणसांचे निघतील. कुणी लिहून ठेवत नाही. चहा आला की एकजण सुरू करतो, दुसरा त्यात भर घालतो आणि पुढच्या वेळी किस्सा थोडा लांबलेला असतो. त्यातही आम्ही पोरांचे शब्द मोजले, त्या वर्षाचे किस्से मी न लांबवता सांगते. ते आहेत तसेच पुरेसे आहेत.

सुरुवात विभागप्रमुख बिरादार सरांनी केली. नांदेडला दोन दिवसांची कार्यशाळा करून आले आणि बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाले, "मॅडम, आपल्या पोरांना इंग्रजीचे किती शब्द येतात, हे आपल्याला ठाऊकच नाही. मोजू."

मोजायचं मशीन म्हणजे एक छापील कागद. त्यावर शंभर शब्द. जो येतो त्यावर खूण करायची. एका खुणेला शंभर शब्द धरायचे आणि गुणाकार करायचा. कागद परदेशात तयार झालेला होता. त्यात बर्फावरून ओढायच्या गाडीचं नाव होतं, 'स्लेज'. एका पोरीनं त्या शब्दासमोर पेन्सिलीनं लिहिलं, 'मॅडम, हे उदगीरला मिळत नाही.'

*

थापा पकडायला त्या शंभरातले दहा शब्द काढून त्या जागी खोटे घालायचे असतात. दिसायला इंग्रजी, पण भाषेत नसलेले. ते मी तयार केले. त्यातला एक होता 'मोडलेट'.

देवणीकडचा ज्ञानेश्वर नावाचा विद्यार्थी होता. त्यानं शंभरच्या शंभर शब्दांवर खुणा केल्या. मी त्याला बोलावलं. "मोडलेट म्हणजे काय रे?"

"बारकं मॉडेल, मॅडम. बुकला बुकलेट, तसं."

मी 'मोडलेट'समोर तो अर्थ लिहून घेतला. मग विचारलं, "पण सगळ्याच शब्दांवर खुणा कशाला केल्यास?"

"दहावीपासून सांगून राहिलेत की मॅडम, पेपरात जागा रिकामी सोडू नका."

मी सरांना म्हटलं, खोट्या शब्दांवर खूण करणाऱ्यांचे मार्क नियमाप्रमाणे वजा करू. सर म्हणाले, "वजा कशाला? पोरांचं मन मोडतं." त्यांनी वजा केले नाहीत. ज्ञानेश्वर दहा हजार शब्दांचा मालक झाला आणि कॉलेजात पहिला आला.

*

शेवटून तिसरी आली नसरीन. तिचे अब्बा युसूफभाई गांधी टोपीपासून शेरवानीपर्यंत सगळं शिवतात. नसरीन वर्गात एकटीच माझ्याशी इंग्रजीत बोलायची. चुकायची, पण थांबायची नाही. तिच्या कागदावर फक्त अकरा खुणा होत्या.

"अगं, 'बँक' येत नाही तुला?"

"येतं ना मॅडम. पण नदीच्या काठाला पण बँक म्हणतेत, हे मला परवाच कळलं. अजून कुठं काय अर्थ असंल, मला काय माहीत? पूर्ण येतं असं कसं लिहू?"

शब्द येणं म्हणजे काय, यावर मी नंतर बरीच पुस्तकं चाळली. तिच्याइतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. पण खुणा अकराच होत्या.

*

लायब्ररीतले हमीदभाई शिपाई म्हणून लागले आणि तिथंच म्हातारे झाले. त्यांनी एक कोरा कागद मागून घेतला आणि संध्याकाळी सरांसमोर ठेवला. त्यावर उर्दूत यादी होती. "सर, मैं भी मोजलो. टेबल, रजिस्टर, इश्यू, फाईन, पंखे का कंडेन्सर. दोनशेच्या वर झाले."

सर हसले. "हमीदभाई, हे इंग्रजी नाही. हे आता आपलेच शब्द झाले."

"तो फिर सर, इंग्रजी कुठून चालू होतं?"

सरांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "समजत नाही तिथून."

*

निकालावरून दोन बॅचेस पाडल्या. वरची अ‍ॅडव्हान्स्ड, खालची रेमेडियल. खालची माझ्याकडे.

पंधरा दिवसांनी युसूफभाई दुकान बंद करून आले. खुर्चीवर बसले नाहीत. "मॅडम, रेमेडियल म्हणजे कमजोर ना? माझी पोरगी कशात कमजोर हाय तेवढं सांगा. घरी करून घेतो."

मी म्हणाले, "युसूफभाई, ते नुसतं बॅचचं नाव आहे." ते 'हाव, ठीक हाय' म्हणाले आणि गेले. त्यांना ते पटलं नव्हतं, मलाही नव्हतं. तिला वरच्या बॅचला घ्या म्हणायला मी सरांकडे गेले. सर म्हणाले, यादी वर पाठवून झाली, आता बदलत नाही.

त्याच आठवड्यात ज्ञानेश्वर माझ्या वर्गाच्या दारात उभा. "मॅडम, मला खाली घ्या. वर लई अवघड जाऊन राहिलंय. काहीच समजत न्हाई." त्याला घेतलं. तो नसरीनच्या मागच्या बाकावर बसायचा आणि अडलं की मला नाही, तिला विचारायचा.

*

मार्चमध्ये लातूरहून एका कंपनीची माणसं नोकरीसाठी मुलं निवडायला आली. फोनवर ग्राहकांशी इंग्रजीत बोलायचं काम. अ‍ॅडव्हान्स्ड बॅचची यादी त्यांच्या हातात दिली. एकेकाला आत बोलावलं. त्यांनी इंग्रजीत फक्त गाव आणि घरची माणसं विचारली. पाच हजार, सात हजार, आठ हजार शब्दांची पोरं आत जाऊन गप्प बसून बाहेर आली.

नसरीन व्हरांड्यात होती. नवा ड्रेस घातला होता, अब्बांनी शिवलेला. तिनं विचारलं, "मॅडम, मी जाऊ का?"

मी म्हणाले, "यादीत नाव नाही गं."

हे मी म्हणाले, सर नव्हे. दार उघडंच होतं. मी तिला आत ढकलू शकले असते. गाडी चार वाजता लातूरला परत गेली, एकालाही न घेता. नसरीन आता अब्बांच्या दुकानात बसते. शब्दमोजणीवरचा सरांचा अहवाल मात्र नांदेडला वाचला गेला आणि लोकांना आवडला.

*

एकही पोरगं निवडलं गेलं नाही, म्हणून प्राचार्य भडकले. मीटिंगमध्ये म्हणाले, "पोरांचं मोजून झालं. आता शिकवणाऱ्यांचं मोजा. आधी इंग्रजी विभाग. सोमवारी बाहेरून माणसं येतील, नवा कागद घेऊन."

बिरादार सर म्हणाले, "अवश्य. स्वागत आहे."

सोमवारी सकाळी मी ऑफिसात गेले. पाठ दुखत होती, खरंच थोडी दुखत होती. क्लार्कनं माझा रजेचा अर्ज हातात घेतला आणि म्हणाला, "ठेवा मॅडम, इंग्रजीच्याच त्या तिघांच्या खाली."

सगळ्यात वर बिरादार सरांचा होता. सर दूधवाल्यालासुद्धा इंग्रजीत चिठ्ठी लिहितात. हा अर्ज मराठीत होता. पूर्ण मराठीत, 'सविनय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत.

अक्षर फार सुरेख होतं.