उशिरा येणारी तार

समजा, तुम्हाला एक पेडल स्टील गिटार विकायची आहे, आणि तीही एकवीस वर्षं चांगली घासून वापरलेली. आधी फोटो काढा. मग येणाऱ्या प्रत्येक फोनवर समजावत बसा, की नाही हो, ही गळ्यात अडकवायची नसते. ही टेबलासारखी चार पायांवर उभी असते. आपण खुर्चीवर बसायचं, डाव्या हातातली पोलादी दांडी दहा तारांवरून सरकवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या, पायांनी पेडलं दाबायची आणि गुडघ्यांनी खालचे खटके ढकलायचे. एवढं सगळं ऐकून पलीकडचा विचारतो, "मग नाक कशाने खाजवायचं?" तेव्हा हसायचं. तेही विक्रीतच धरा.

मिस्त्री महिनाभर हेच करत होते. दिवसा शिलाई मशीन दुरुस्त करायची आणि संध्याकाळी एका हॉटेलात, जेवणाच्या हॉलच्या कोपऱ्यात बसून ही गिटार वाजवायची, यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आता डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर जिना बंद. वरची खाट खालच्या खोलीत आणायला शुक्रवारी माणसं येणार होती, आणि खालच्या खोलीत खाट किंवा गिटार, दोन्हीपैकी एकच मावत होतं. वाद्यांचा दुकानदार ती सुट्या भागांसाठी न्यायला एका पायावर तयार होता. मिस्त्रींना ते नको होतं. वाजवणाऱ्याच्या घरी जावी, एवढंच त्यांचं म्हणणं.

वाजवणारे दोघं येऊनही गेले. पहिला पेडल दाबून दचकला आणि वाकून खाली बघायला लागला. दुसरा म्हणाला, "काका, हिची पेडलं भलत्याच तारा ओढतात." चूक त्याची नव्हती. अकरा वर्षांपूर्वी गुडघा कुरकुरायला लागला, तेव्हा मिस्त्रींनी गुडघ्याच्या खटक्याचं काम तिसऱ्या पेडलवर नेऊन टाकलं होतं. आतल्या सळया काढल्या, वाकवल्या, मशीनच्या भंगारातल्या दोन घातल्या. दुसऱ्या कुठल्याही पायाला ती गिटार ओळख देईना.

"अहो, तुमच्या मापाला आवळलेला सदरा दुसऱ्याला कसा बसणार?" बायको म्हणाली. "उसवा आणि सरळ करा."

चार दिवस मिस्त्री सतरंजीवर उताणे पडून गिटारच्या पोटात हात घालून होते. प्रत्येक तारेच्या टोकाशी एक पितळी पट्टी, पट्टीला भोकं. सळई कुठल्या भोकात अडकवली, त्यावर तार किती आणि कधी ओढली जाणार ते ठरतं. जुन्या पुस्तिकेत बघून त्यांनी एकेक सळई मूळ जागी बसवली. वर रॉकेलने पुसून सगळं लख्ख केलं. बुधवारी बायकोने हात धरून त्यांना बाहेर ओढलं.

"अगं हळू! मी काय कपाट आहे?"

"कपाट परवडलं. ते कण्हत नाही."

गुरुवारी सकाळी बसचा ड्रायव्हर आला. पन्नाशीचा, आडव्या अंगाचा. बूट काढून बसला आणि पायाने पेडलं चाचपली. "यातला क्लच कुठला?" म्हणाला आणि स्वतःच हसला. घरी मांडीवर साधी गिटार आडवी घेऊन शिकला होता. हात जड, पण सूर सच्चा. पेडलं आता सांगितल्यासारखी वागत होती. सुटलो, असं मिस्त्रींना वाटलं.

ड्रायव्हर थांबला. "हॉटेलात हीच वाजवायचात?"

"हीच."

"मग ते कुठं गेलं?"

"काय?"

"माझी बस तुमच्या हॉलच्या खिडकीखाली नऊ मिनिटं थांबायची. रोज ऐकायचो. एक सूर वर जायचा आणि तिथं थांबायचा, मागून दुसरा येईपर्यंत. जिन्यात पुढचा माणूस थांबतो ना मागच्यासाठी, तसं."

मिस्त्री खुर्चीवर टेकले. "अहो ड्रायव्हरसाहेब, तो दोष होता. एका पेडलवर दोन कामं लादलेली, म्हणून एक तार उशिरा ओढली जायची. लोकांच्या लक्षात येऊ नये म्हणून मी अकरा वर्षं आवाज दाबत आलो."

"असेल दोष. मी त्याच्यासाठी आलो."

"आणि आता मी तो काढला," मिस्त्री म्हणाले.

"घाला की परत. उद्या सकाळी ड्युटीच्या आधी टेम्पो आणतो. नाही जमलं तर राहू दे, साधी बघेन कुठंतरी. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." त्याने बूट घातले, नाडी नीट बांधली आणि गेला.

मिस्त्रींनी सतरंजी पुन्हा अंथरली. खाली शिरताना गुडघ्यातून कळ आली, ती त्यांनी दातांखाली धरली. बायको एका हातात टॉर्च धरून दुसऱ्या हाताने पेडल दाबत बसली. मूळ जोडणी पुस्तिकेत होती. स्वतःची त्यांनी कुठंच लिहिली नव्हती. लिहायची कशाला, रोज पायाखाली तर होती. आणि जुन्या सळयांनी भोकांच्या कडेला पाडलेले काळे डाग त्यांनी स्वतःच्या हाताने पुसून काढले होते.

सळई दुसऱ्या भोकात लावून पाहिली.

"दाब. आलं?"

"आलं. पण दोन्ही सूर एकदम."

तिसऱ्या भोकात लावली. तार अर्ध्यावरच अडली. भंगारातल्या त्या दोन सळयांपैकी एक सापडली, दुसरी बहुतेक केरात गेली होती. दुपार झाली, पाठ सतरंजीला चिकटली. मशीन दुरुस्तीचं गिऱ्हाईक दारातून हाका मारून परत गेलं.

"थांबा जरा," बायको म्हणाली. "मान बघा कशी लाल झालीय."

मिस्त्री तसेच पडून राहिले. सळई छातीवर, नजर वर, त्या चकाकणाऱ्या पट्ट्यांकडे.

"अगं, हॉटेलात जाण्याआधी मी इथं वाजवून बघायचो, तेव्हा तू याच खोलीत बसून रोज ऐकायचीस," ते म्हणाले. "आठवून सांग. आधी कुठली तार यायची, जाड की बारीक?"