पुलाच्या दोन हकिकती

इन्साफ अबू शक्रा माझ्या शेजारच्या वर्गात इतिहास शिकवायची, मी भूगोल. लेबनॉनमधली, बैरूतच्या वरच्या डोंगरातली आमची सरकारी शाळा. आमच्या-आमच्यातलं युद्ध संपून बरीच वर्षं झाली होती, तरी इतिहासाचं पुस्तक फ्रेंच राज्यकर्ते निघून गेले तिथंच थांबायचं. पुढचं पोरं घरी ऐकायची, ज्याच्या त्याच्या घरचं.

इन्साफला हेच खुपायचं. गावाखालच्या पुलावर युद्धात माणसं मेली होती. तिनं आम्हा द्रूझ पंथाच्या लोकांची आणि पलीकडच्या ख्रिस्ती गावाची, अशा दोन्ही हकिकती आठवीच्या मुलांपुढं ठेवल्या. "यात कुणी डोळ्यांनी पाहिलंय, कुणी नुसतं ऐकलंय?" मुलं पुरावा कसा तोलतात, यावरच तिला पीएच.डी. करायची होती, म्हणून ती हे तास टेप करून ठेवायची.

विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक हसले. "बाई, हा इतिहास नव्हे. शिक्षणशास्त्राकडं जा." तिकडचे म्हणाले, "हा तर इतिहास! आमच्या गळ्यात कशाला?"

"दोघांनाही नको असेल तर माझंच आहे," इन्साफ म्हणाली. शेवटी शिक्षणशास्त्राच्या एका म्हाताऱ्या बाईंनी तिला पदरात घेतलं.

मग एका सकाळी आमच्याच गावातला शफीक तिच्या वर्गात घुसला. त्याचा भाऊ त्या पुलावर मारला गेला होता. गलका ऐकून मी धावले.

"माझ्या भावाच्या रक्तावर पोरांच्या चर्चा?"

"हो, चर्चाच. बसा. आधी ऐका, मग ओरडा."

माझ्यामागून आलेले मुख्याध्यापक कुजबुजले, "अगं, नोकरी जाईल!"

"गेली तर गेली."

शफीक मागच्या बाकावर बसला. त्याच वर्गातली त्याची लेक लमीस उभी राहिली. "बाबा, तुम्ही तेव्हा पुलावर होतात?"

"नव्हतो. बैरूतला होतो."

"मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या आजीनं. तिला शेजाऱ्यांनी." त्याचा आवाज चढला. "पण माझा भाऊ मेला, ते ऐकीव नाही!"

"नाहीच बाबा. काका गेले, हे दोन्ही हकिकतींत आहे. पलीकडच्यांनीही त्यांचं नाव घेतलंय."

शफीकला हे ठाऊक नव्हतं. तो उठला आणि निघून गेला.

त्यानं तक्रार केली नाही, वरच्यांनी मात्र इन्साफची बदली पार उत्तरेला हर्मेलला केली. पहिल्याच आठवड्यात तिनं तिथंही दोन हकिकती काढल्या.

प्रबंध एकदा दुरुस्तीसाठी परत आला. तोंडी परीक्षेत एक परीक्षक म्हणाले, "तेरा वर्षांच्या पोरांना पुरावा तोलता येत नाही, हे सर्वमान्य आहे."

"तुम्ही कधी एखाद्या पोराला विचारलंय?" असं म्हणून तिनं त्या सकाळची टेप लावली. खोलीत लमीसचा आवाज घुमला. प्रबंध मंजूर झाला.

आज इन्साफच्या हाताखाली विद्यापीठात इतिहास-शिक्षणावर संशोधन होतं. पाठ्यपुस्तक अजून तिथंच अडलंय. परवा एक अधिकारी तिला म्हणाला, "सगळ्यांचं एकमत होईपर्यंत दम धरा."

"दम तुम्ही धरा," ती म्हणाली, "माझा तास सुरू झालाय," आणि वर्गाकडं चालू लागली.