दगडातलं घुबड

कॅनडाहून आणलेला दगडी पक्षी शोकेसमधून माझ्याकडे टक लावून बघतो. तो कोरणारा तिथल्या बर्फाळ उत्तरेतल्या इनुइट जमातीचा कारागीर कौतुकाने म्हणाला होता, "आमच्या बर्फातलं घुबड!" आमच्या घरी घुबड अशुभ, म्हणून मी बायकोला ससाणा आहे असं खोटंच सांगितलं.

"ससाण्याचं तोंड एवढं वाटोळं?" सुमनने विचारलं होतं.

पुढे घरात कुणी आजारी पडलं की ती आधी त्या पक्ष्याकडे बघे, मग माझ्याकडे. त्या कारागिराला ज्या पक्ष्यात आपला शेजारी दिसला, त्यात आम्ही संकट शोधत राहिलो.

आज न राहवून म्हटलं, "सुमन, ते घुबडच आहे गं."

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे," त्याच्यावरची धूळ पुसत ती म्हणाली. "माझी नजर त्याच्यावर नव्हती, तुम्ही खरं कधी सांगता, यावर होती."